मौन मोडलं ती सकाळ

अक्कम्माचा रोजचा नेम होता. सकाळी देवापुढं दिवा लावला की नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तो कधी मोडला नव्हता.

त्या आठवड्यात घरात फ्लू शिरला. आधी मुलगा अभिमन्यू तापला, पण लगेच बरा होऊन मोबाईलच्या दुकानात कामाला गेलाही. मग नवरा, मृत्युंजय, आडवा झाला. ताप उतरला तरी त्याची धाप वाढतच गेली. त्याला त्याचं नवल नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं आयुष्य गेलेलं. सुटीनंतर कामावर गेलं की छाती आवळायचीच. मग गुळाचा खडा चघळायचा, म्हणजे धूळ खाली उतरते म्हणे. आताही तो गूळच मागत होता. दिवा लावून झाला होता, नैवेद्य अजून व्हायचा होता. अक्कम्मानं न बोलता त्याचा दंड धरला आणि रिक्षात बसवलं.

झीनत डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा थोडाच खाली होता. पोराला येऊन गेलेल्या तापाचंही ऐकून घेतलं. काम काय करता, असं त्यांनी विचारलं, तर मृत्युंजय म्हणाला, पोराच्या दुकानात बसून असतो. कारखान्याचा मालकही याच बाईंकडं यायचा. छातीचं त्याच्या कानावर गेलं तर मागावरून काढील, ही भीती. बाई गोळ्या लिहू लागल्या.

अक्कम्मानं डोळे मिटले. देवाला मनातच म्हणाली, रागावू नका.

"खोटं सांगत्यात बाई. जन्मभर मागावर हायत. सुताच्या धुळीनं छाती गेलीय त्यांची."

"हिला आजच वाचा फुटायची होती," मृत्युंजय पुटपुटला.

बाईंनी पेन ठेवलं, पुन्हा छाती तपासली.

"पोराची फुफ्फुसं धड, म्हणून त्याचं तापावर निभावलं. काकांची धुळीनं आधीच खराब झालीत. तिथं हाच फ्लू जिवावर बेततो. घरी न्यायचं नाही आता."

सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. दिवस मावळायच्या आत मृत्युंजयचे ओठ निळे पडले, पण ऑक्सिजन उशाशीच होता. घरी असते तर, हा विचार अक्कम्मानं कधी पुरता केलाच नाही. ती नुसती हात जोडत राहिली. देवाला, झीनतबाईंना, नळी सारखी करणाऱ्या नर्सला, खाट ढकलणाऱ्या मामांनासुद्धा.

तो घरी आला तोवर मागावर दुसरा माणूस उभा राहिला होता. बाईंनीही धुळीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलेलं.

"माग गेला माझा," मृत्युंजय ताटावर बसून म्हणाला.

अक्कम्मानं त्याला गरम भात वाढला.

"जाऊ द्या. तुमी हाय की."