उलटा वारा

रोबो तिसऱ्यांदा भिंतीवर आदळला आणि त्याच्या डाव्या पंख्याची जाळी चेपली. सरावासाठी वर्गातल्या फरशीवर मुद्दाम साबणाचं पाणी पसरलं होतं, बाकं कडेला रचली होती आणि पाच मुली चपला हातात धरून अनवाणी उभ्या होत्या. सगळ्यांनी एकदम भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी खिडकीपाशी गेला, परत आला, टेबलावरचा पाना उचलून पुन्हा तिथंच ठेवला आणि म्हणाला, "पळतोय झकास. थांबत नाही."

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पंखे आणि मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस पायाला भिंगरी लागल्यासारखा गावोगाव फिरला, म्हणून एका मालकानं त्याला हे नाव ठेवलं, आणि नाव त्याच्या आधी पुढच्या गावी पोचत गेलं. सोळा वर्षांत अकरा दुकानं झाली. भांडण कुणाशी नाही, कामात खोट नाही. पण दीड-दोन वर्षं झाली की दुकानाचं छत त्याला बुटकं वाटायला लागायचं, आणि एक दिवस घरी येऊन तो सांगायचा, बांधा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान स्वतःचं स्वतः वाहतो. इथं बांधाबांध करायची ती बायकोनं, आणि आता सोळा वर्षांच्या झालेल्या लेकीनं. तिची ही सहावी शाळा होती.

या खेपेला घरात ते 'बांधा' अजून निघालं नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला त्यानं होकार कळवला होता, एक तारखेला हजर होतो म्हणून. बायकोच्या कानावर घातलं होतं. शाळेच्या कचेरीत दाखल्यासाठी अर्जही देऊन झाला होता. फक्त लेकीला सांगायचं राहिलं होतं, आणि ते रोज राहत होतं.

कारण लेक या रोबोत बुडाली होती. शाळाशाळांची स्पर्धा होती. आयोजकांनी मैदान गुळगुळीत प्लास्टिकचं केलं होतं, आणि चाकंही सगळ्या संघांना तशीच कडक, गुळगुळीत दिली होती. चाकांना रबर लावायचं नाही, गोंद लावायचा नाही. चेंडू उचलायचा, समोरच्या पिवळ्या चौकोनात जाऊन थांबायचं आणि खोक्यात टाकायचा. चौकोनाच्या बाहेर घसरलात की चेंडू बाद. पहिल्या दिवशी रोबोची चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. त्याच संध्याकाळी लेक बापाच्या दुकानात गेली होती. दुरुस्तीला आलेला एक टेबलफॅन चालू होता आणि स्वतःच्याच वाऱ्यानं काचेच्या काउंटरवरून मागे मागे सरकत होता. ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मुलींना सांगितलं की जमिनीला धरायचंच नाही, हवेला धरायचं, रोबोवरच पंखे बसवायचे. तेव्हापासून भिंगरी रोज शाळा सुटल्यावर इथं हजर.

"पण काका, थांबायला आम्ही पंखा उलटा फिरवतोच की," संघातली चष्मिस म्हणाली.

भिंगरीनं प्रयोगशाळेतला ताणकाटा मागवला, रोबोच्या मागे अडकवला आणि पंखे सुलट फिरवायला सांगितलं. काटा चारशे ग्रॅमवर गेला. मग काटा पुढच्या बाजूला अडकवून पंखे उलट फिरवले. काटा दीडशेच्या वर चढेना. पात्याला पोट असतं, त्यानं समजावलं, ते एकाच अंगानं हवा नीट ढकलतं. उलटं फिरवलं की आवाज तेवढाच होतो, वारा मात्र निम्मासुद्धा येत नाही. छताच्या पंख्याचं कुणाला काही वाटत नाही, त्याला कुठं थांबायचं असतं?

दोन्हीकडून सारखा वारा देणारं पातं नसतं का, असं लेकीनं विचारलं. असतं, तो म्हणाला, पण सपाट, बिनपोटाचं, आणि त्यानं वेग कमी होणार. वेग कमी म्हटल्यावर मुलींनी नाकं मुरडली. बाकीचे संघ सुसाट पळणार आणि आपण काय रांगायचं?

भिंगरी पेटला. "पळायला काय लागतं? कुणीही पळतं. जिथं थांबायचं तिथं थांबता आलं पाहिजे."

बोलून गेल्यावर तो लेकीकडे न बघता ताणकाटा सोडवायला लागला. लेकीनं मात्र ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" त्या रात्री बायकोनं विचारलं. शनिवारी स्पर्धा झाली की सांगतो, असं तो म्हणाला. "म्हणजे शनिवारनंतर तिला आनंद होणार आहे का?" असं म्हणून बायकोनं शिवणाचं मशीन पुन्हा चालू केलं. ती एका कपड्यांच्या दुकानासाठी घरूनच शिवायची आणि तिथले लोक तिला सोडायला तयार नव्हते, हे तिनं दोनदा सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

सपाट पाती त्यांनी दोघांनी दुकानात कापली, ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून. मग तोल बघायचा. पंख्याच्या मधल्या भोकात सुई घालून तो आडवा धरायचा, जे पातं खाली जाईल ते जड, त्याला कानस मारायची, पुन्हा धरायचं. भिंगरीच्या हाताला कसब होतं, पण दोनदा बघून तो चालेल म्हणायचा. लेक म्हणायची, नाही चालणार. अर्धा तास ती एका स्टुलावर बसून होती आणि तेवढ्यात भिंगरी चारदा दारापर्यंत जाऊन आला. हिला हे कुणी शिकवलं, त्याला प्रश्न पडला. आपण तर नक्कीच नाही.

आता सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. लेक सुईवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी पाण्यावरची स्पर्धा आहे. बाई म्हणाल्या, कॅप्टन तूच." त्यानं चहा घेतेस का एवढंच विचारलं, आणि ती काय म्हणाली ते न ऐकताच रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

शनिवारी स्पर्धेच्या सभागृहात खुर्च्या होत्या, पण भिंगरी कठड्याला धरून उभा होता. शेवटच्या फेरीच्या आधी विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांच्या हातात मोठं कार्ड होतं. कचेरीतून त्यांना दाखल्याचं कळलं होतं आणि त्यांनी प्रेमानंच सगळ्या वर्गाच्या सह्या घेतल्या होत्या. लेकीनं कार्ड उघडलं. चष्मिसनं तिच्या गळ्यात हात टाकला. भिंगरीला इतक्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, पण काय झालं ते कळलं आणि त्याची पाचावर धारण बसली. लेकीनं मान वर करून त्याला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग तिनं कार्ड बाईंकडे परत दिलं आणि रिमोट हातात घेतला.

तिचा रोबो सावकाश निघाला. शेजारचे संघ भर्रकन गेले, चौकोन ओलांडून मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आपटले. तिचा रोबो चौकोनाशी आला, पंख्यांचा आवाज एक क्षण तुटून पुन्हा उठला आणि तो नेमका आत थांबला. पाच चेंडू, पाचही वेळा तसंच. एका संघानं मात्र थांबायचंही साधलं होतं आणि पळायचंही, आणि दुसरा नशिबानं तरला. पहिले दोन पुढच्या पातळीवरच्या स्पर्धेला जाणार होते. यांचा तिसरा नंबर आला.

बाहेर पायऱ्यांवर लेक त्याच्याशेजारी येऊन बसली.

"अर्ज कधी दिलात?"

"सोमवारी."

"म्हणजे पाती कापली त्याच्या आधी."

"हो."

"बाबा, मी येणार नाही. मी आईला फोन केला होता. तिनं एक भांडंसुद्धा बांधलेलं नाहीये."

भिंगरीला एकदम हलकं वाटलं. "मग मीही नाही जात," तो म्हणाला. "कळवून टाकतो त्यांना."

"तुम्हाला जमेल?"

प्रश्न टोचून विचारलेला नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. जमेल म्हणणं सोपं होतं. प्रत्येक गावी 'हे शेवटचं' असं त्यानं तिला सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं होतं. त्याचा उजवा पाय पायरीवर सारखा हलत होता. त्यानं गुडघा हातानं दाबून धरला. दोघंही त्या हाताकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "नाही जमणार."

तिनं मान हलवली. मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं, आणि तोही रडला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

सोमवारी त्यानं कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला. एक तारखेला सकाळी टेम्पो आला. लेक शाळेत गेली होती. तिनंच सांगितलं होतं की पहिला तास बुडवणार नाही, आणि जाताना बापाला घट्ट मिठी मारून गेली होती. बायकोनं त्याची वळकटी बांधून दिली. महिन्यातून दोनदा या, म्हणाली, आणि आधी कळवून या म्हणजे घरी राहीन. टेम्पोवाला ओळखीचा, मागच्या दोन्ही खेपांना त्यानंच यांना हलवलं होतं.

"बाकीचं सामान?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

मोटारीची तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन, हत्यारांची पेटी, वळकटी. आजवर हे मशीन कपाट, गाद्या आणि भांड्यांच्या पिंपांच्या मधे गच्च बसून यायचं आणि त्याला दोरीसुद्धा लागायची नाही. आज ते रिकाम्या हौद्यात एकटं होतं, आणि पहिल्याच वळणाला पत्र्यावरून घसरत जाऊन फळीवर आदळलं. भिंगरीनं गाडी थांबवायला सांगितली. पुढची सीट सोडून तो मागे चढला, फळीला पाय रोवून खाली बसला आणि मशीन दोन्ही हातांनी धरलं.

टेम्पोवाल्यानं आरशात पाहिलं. एरवी वाटेत पाचदा चहाला उतरवणारा हा माणूस त्या दिवशी सगळा रस्ता जागचा हलला नाही.