पहिली मूठ

पितळी पातेलं कमरेवर घेऊन नागलक्ष्मीबाई जिना चढल्या. अठरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर गुडघ्यांना एक शिवी.

माडीवर भाड्यानं राहणारी आरोक्यमेरी गेली सहा वर्षं रोज सकाळी सहाला मोठ्यानं देवाचे आभार मानायची. ताप असो, पाहुणे असोत, एक दिवस चुकली नाही. "हिचा देव बहिरा तरी असेल, नाहीतर कंटाळला तरी असेल," असं बाई सुनेला म्हणत, आणि त्याच आवाजावर दूध तापायला ठेवत. आज प्रार्थना झाली, पण तिच्यामागून कुकरची शिटी आली नाही. मेरीच्या नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटून दोन महिने झाले होते. बाकीचं बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"घे. आमच्या शेतातला तांदूळ आहे. पोरांना उपाशी शाळेत धाडू नकोस."

मेरीनं पातेलं दोन्ही हातांनी घेतलं, खाली ठेवलं आणि डोळे मिटून पुटपुटली. बाई वाट पाहत उभ्या.

"पायऱ्या मी चढले, आणि आभार त्याचे?"

"त्यानंच तुम्हांला धाडलं, अम्मा."

"मला कुणी धाडत नाही. माझी मी येते."

मेरी हसली. मग तिनं पातेल्यातली पहिली मूठ काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. दर रविवारी तो डबा चर्चमध्ये जाई, ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्यासाठी.

"अगं, तुझीच पेटली नाही ना!"

"आता पेटेल की. सगळं त्याचंच आहे, अम्मा. आपण नुसत्या राखणदार."

"शेताचा पट्टा, सरकारी कागद, माझ्या नावावर आहे. तुझ्या येशूच्या नव्हे."

"आणि कावेरीचं पाणी?"

राजवाड्यामागच्या त्या गल्लीत साठ वर्षं शेवटचा शब्द नागलक्ष्मीबाईंचाच असे. नशीब, जिन्यात कुणी नव्हतं. त्या पदर खोचून खाली उतरल्या.

स्वयंपाकघरात सून अखिला तांदळाचं भांडं नळाखाली धरणार, इतक्यात बाई म्हणाल्या,

"थांब."

त्यांनी कोरड्या तांदळाची एक मूठ उचलली आणि तशीच छातीशी धरून उभ्या राहिल्या. ओठ हलले. सवय नव्हती, शब्द जुळेनात.

"कुणासाठी, आई?"

"ते अजून ठरायचंय. तू आधी झाकणाचा डबा आण."