सिंहासनावरचा रुमाल

सिद्धोधन तसा भला माणूस, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जिंतुरातल्या त्याच्या शिकवणीच्या खोलीत दर रविवारी दुपारी खेळ भरायचा. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीत जगायचे आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचे. राक्षस, जादू, किल्ले, सगळं परक्या जगातलं. पण तिथं जाऊन पडलेली माणसं मात्र जिंतूरचीच, जशीच्या तशी. लिंबाजीभाऊ तिथंही एसटीचे कंडक्टर आणि रेणुका तिथंही नर्स. खिशात असेल तेवढंच सोबत न्यायचं, हा त्याचा नियम.

त्या रविवारी रेणुकाचा शेवटचा डाव होता. तिला नागपूरला नोकरी लागली होती आणि संध्याकाळी तिची गाडी होती. शाळेपासूनची मैत्रीण, अन् सांगितलं कधी, तर चार दिवस आधी! सिद्धोधन आतून धुमसत होता. तिनं जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, पण बोलायची हिंमत कोणाला? मग त्यानं ठरवलं, आज हिला गोष्टीत मारूनच टाकायची. गेलेलं माणूस कुठं परत येतं? उगीच वाट बघत बसायची कटकट नको.

डाव रंगात आला. रेणुका आणि लिंबाजीभाऊ, दोघं महालात पोचली.

"समोर रिकामं सिंहासन हाय," सिद्धोधन म्हणाला. "बसंल त्याचं राज्य, उरंल त्याचा जीव गेला. चेटक्या राजा पळत यायलाय. तू लांब हायेस रेणुका, तो तुझ्याआधी पोचणार."

रेणुकानं जरा विचार केला. "माझ्या खिशात रुमाल हाय. तो सिंहासनावर टाकते."

"त्यानं काय होतं?"

"जागा धरली."

"त्या राजाला काय ठाव रुमाल?" सिद्धोधन वैतागला.

लिंबाजीभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. वीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस तो. "खिडकीतून टाकलेल्या रुमालापायी लय भांडणं बघितली मी. पण रुमालाची जागा मोडायला कंडक्टरचं बी काळीज होत न्हाई. खिशातलं न्यायचं हा नियम तुझाच हाय, मास्तर."

सिद्धोधननं रेणुकाकडं पाहिलं. ती घड्याळ बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. त्याचा राग कुठल्या कुठं गेला.

"राजानं रुमाल बघितला," तो हळू आवाजात म्हणाला, "अन् गपचिप उभा राहिला. बस तू आता."

"आता न्हाई. गाडीची वेळ झाली." तिनं खिशातून खरा रुमाल काढला आणि आपल्या खुर्चीवर अंथरला. "येणार हाय मी. तवर जागा धरून ठेव."

पुढच्या रविवारी साक्षी नावाची नवी पोरगी खेळायला आली आणि त्याच खुर्चीकडं वळली.

"रुमाल दिसत न्हाई का?" सिद्धोधन खेकसला. "माणूस येणार हाय तिथं."

साक्षी बिचारी ओशाळली. खोलीत चौथी खुर्ची नव्हती. सिद्धोधन उठला, त्यानं स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि उभ्याउभ्याच गोष्ट सुरू केली.

"राजा आठ दिवस झाले सिंहासनापाशी उभाच हाय," तो म्हणाला.