खिडकीबाहेरचं कोपर

काकूंचा दंड माफ झाला. सही झाली, शिक्का बसला, प्रकरण मिटलं. आता हे घडलंच नाही असं धरून चालू. काकूंनीही तेच केलं.

त्यांनी शिक्का मारलेला कागद वाहतूक कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीतून परत आत सरकवला. गळ्यात कापड मोजायची टेप तशीच लटकत होती.

"आता काय राहिलं?" कारकून म्हणाला. "काका गेले, गाडी भंगारात गेली, पावती दाखवलीत. कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला. मी तो यादीतून काढतो."

"म्हणजे फोटो यायचे बंद?"

"एकदम बंद. सुटलात."

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी गाडी नेली की शुल्क बसायचं. न भरल्यास फोटोसकट दंडाची नोटीस घरी. काकूंकडे सहा नोटिसा होत्या, सगळ्या सकाळी आठ बेचाळीसच्या. फोटो टपाल तिकिटाएवढा. मघाशी कारकुनाने तो पडद्यावर मोठा केला, शिक्का मारला, आणि मग काकूंनी चष्मा लावला होता.

काचेवर ऊन होतं, चेहरा दिसत नव्हता. खिडकीबाहेर कोपर तेवढं आलेलं.

"उजवी बाही बघ. इंचभर आखूड आहे. मीच कापली होती. नीट करून देते म्हटलं होतं यांना."

"काकू, शर्ट कुणाचाही असेल."

"एवढा वाईट दुसरं कोण शिवेल रे?"

कारकून हसला. मग बाहेर पडणाऱ्या गाड्यांची नोंद उघडली आणि हसायचा थांबला. सहा दिवस, सहा वेळा गाडी आत गेली होती. बाहेर एकदाही आली नव्हती. त्याने रुमालाने पडदा पुसला. मग पुन्हा पुसला.

"माफी रद्द करायची तर अर्ज लागेल," तो हळूच म्हणाला.

काकूंनी तिथेच उभ्याने लिहिला:

"माझा दंड कृपया कायम ठेवावा व सदर वाहनाचा नंबर यादीतून काढू नये. तसेच सदर वाहनाच्या चालकास, बाही दुरुस्त करून घेण्यासाठी, कोणत्याही एका संध्याकाळी घरी परतण्याची समज देण्यात यावी, ही नम्र विनंती."