गुळगुळीत रस्त्यावरचा दणका

योगीराजनं गाडीला कडक सस्पेन्शन बसवायचं ठरवलं तेव्हा तलवाड्यात एकानंही त्याला शहाणा म्हटलं नाही. गाडी साधी, घरची. सकाळी तिच्यातून बी-बियाण्याच्या पिशव्या गेवराईतल्या त्याच्या दुकानात जायच्या, भावकीत कुणी आजारी पडलं तर दवाखान्याला तीच, आणि महिन्यातल्या एका रविवारी हा गडी तीच गाडी घेऊन पुण्याच्या पुढं एका रेसट्रॅकवर जायचा. तिथं फी भरली की कुणीही आपली गाडी मनासारखी पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसती वळणं.

"गोल गोल फिरायला पुण्याला जातुस? मग घाण्याला कावून जुंपून घेत न्हाईस बे?" पारावर पोरं खिदळायची.

योगीराज हसून सोडून द्यायचा. खत विकायचं, उधारीवाल्यांच्या शिव्या खायच्या, पुढाऱ्यांच्या सभेला सतरंजीला वर्गणी द्यायची, असल्या जगण्यात त्या वळणांवर माणूस स्वतःचा असतो, हे पारावर कुणाला सांगणार? त्याला सलत होतं ते वेगळंच. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलायची, चिखलात बसायला निघालेल्या म्हशीसारखी.

गेवराईत गॅरेज चालवणारा सोमनाथ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं स्पष्ट सांगितलं, "हे बघ, ट्रॅकला कडक पायजे, आपल्या रस्त्याला मऊ. नुसत्या बुटक्या कडक स्प्रिंगा टाकशील तर जुने शॉकअप दम सोडतील. घ्यायचं तर पुरा संच घे. वर नॉब असतो. घट्ट पिळला की गाडी पाटासारखी, ढिला केला की पाळण्यासारखी."

"मग तेच घेऊ."

"वैनीला इचारलं का?"

नव्हतं विचारलं. रुद्राणीला सातवा महिना होता. पहिल्या खेपेला पाचव्यातच हातचं गेलं होतं. गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी दर आठवड्याला बोलावलं होतं आणि बजावलं होतं, हादरा नको. घरात गाडी एकच, रस्ताही एकच. रुद्राणी ओरडली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "तुमी काय बी बसवा. पर मी त्याच गाडीत बसनार हाय. मला दणका बसला, तर त्या दिवशी ट्रॅकबी संपला आन् गाडीबी."

योगीराजनं मान हलवली. नॉब आहेच की, असं त्याच्या डोक्यात.

संच बसला. पहिल्याच रविवारी ट्रॅकवर गाडी रुळावरून जावी तशी वळली. योगीराज आनंदानं हेल्मेटच्या आत एकटाच शिव्या देत सुटला. दुसऱ्या दिवशी नॉब तसेच घट्ट ठेवून तो दुकानाला निघाला.

तलवाड्याहून गेवराईकडं जाताना मधला तुकडा नवा सिमेंटचा झाला होता. रस्ता झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना कळायला हवं होतं, तो त्यांच्यासाठी झालाच नव्हता. नदीतली वाळू घेऊन पळणाऱ्या हायवांना, त्या अजस्र डंपरना, खड्डे सोसत नव्हते, म्हणून झाला होता. ते काही असो, आरशासारखा होता. अन् त्या आरशावर, एका वस्तीजवळ, गाडीला दणका बसला. आधी पुढच्या चाकांना, लगेच मागच्यांना. गतिरोधकावरून जोरात गेल्यासारखा.

त्यानं गाडी थांबवून मागं पाहिलं. रस्ता सपाट. ऊन पडलेलं. काहीच नाही.

येताना तिथंच पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोमनाथनं गाडी वर उचलली, रबरी बुश पाहिले, वरचे माउंट बदलले, बोल्ट आवळले. "गाडीत खोट न्हाई," तो म्हणाला. "चल, दाखव कुठं वाजतंय."

दोघं गेले. दणका बसला तसं सोमनाथचं डोकं छताला लागलं. तो खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि सिमेंटवरून तळहात फिरवला. मग गाल रस्त्याला टेकवून एका डोळ्यानं लांबवर पाहिलं.

"कायच न्हाई बे," तो म्हणाला, पण आवाज खाली गेला होता. "पानी वतलं तर थांबनार न्हाई इतकं सपाट हाय."

वस्तीतली छबुबाई बांधावर शेळ्या चारत होती. ती काठी टेकत आली. "तुमचीच गाडी उडती व्हय?"

"तुमाला कसं ठाव, मावशी?"

"बगती की रोज. बाकीच्यांच्या गाड्या लई मऊ. त्यान्ला कळत न्हाई." तिनं काठीनं सिमेंटवर एक आडवी रेघ ओढली, दिसली काहीच नाही. "हितं आमी घातलेला होता. माझी नात सत्यशीला. शाळंतून येताना हायवानं नेली. दहाव्याला आमी घरटी एकेक घमेलं मुरूम आनला, दगूड आनले, आडवा उंचवटा घातला. आमच्यात तसंच करत्यात. जिथं लेकरू गेलं तिथं गाड्यान्ला वाकायला लावायचं. मग रस्तावाले आले, मशीननं खरवडून नेला. म्हनले, नवीन देऊ. नकाशात न्हाई म्हनले नंतर."

"मग आता दणका कशाचा बसतोय?"

छबुबाईनं शेळ्या हाकल्या. शेळ्या रस्त्यावर आल्या. त्या न दिसणाऱ्या रेघेशी आली की प्रत्येक शेळी पाय उचलत होती. गुडघ्याएवढं काहीतरी ओलांडावं तसा, नीट, बघून.

दोघं गेवराईला परतले. गॅरेजच्या दारात सोमनाथ म्हणाला, "नॉब ढिला कर. वैनीला न्यायचं ना बेस्तरवारी?"

"म्हंजे बाकीच्यांसारखं?"

"व्हय, बाकीच्यांसारखं. तुला काय गावाचा हिशोब द्यायचाय?"

योगीराजनं चारही नॉब पार ढिले सोडले. बेस्तरवारी सकाळी रुद्राणी मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. वस्ती आली तशी त्यानं स्टिअरिंग आवळून धरलं. गाडी त्या जागेवरून लोण्यावरून जावी तशी गेली. काही नाही. तो सुटल्यासारखा हसला, आरशात पाहिलं. रुद्राणीनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

"काय झालं?"

"बसलं की. एक खाली, एक वर. लागोपाठ." तिचे ओठ पांढरे पडले होते. "गाडीला न्हाई लागलं. मला लागलं."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठोके ठीक होते. "प्रवास जपून करा," म्हणाल्या, जणू रस्ता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बदलून मिळतो. योगीराजनं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि थेट सोमनाथकडं गेला. "काढ सगळं. कंपनीचं जुनं बसव."

"ट्रॅक?"

"ट्रॅक गेला खड्ड्यात."

जुन्या मऊ स्प्रिंगा, जुने शॉकअप, सगळं परत चढलं. गाडी पहिल्यासारखी डुलायला लागली. मन घट्ट करून त्यानं उतरत्या उन्हात रुद्राणीला शेजारच्या सीटवर घेतलं आणि बैलगाडीच्या चालीनं निघाला.

वस्ती दिसली तशी रुद्राणी म्हणाली, "थांबा."

"हळूच घेतो. आता काय न्हाई व्हनार."

"मी सांगते ना, थांबा. आत्ताच सुरू झालंय. जवळ येऊ तसं वर चढतंय." तिनं त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. योगीराजच्या तळव्याला एक ठोका लागला. मग, पुढचं चाक ओलांडून मागचं यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच अंतरानं, दुसरा. लेकराची लाथ असती तर त्याला कळली असती. हे वजनदार होतं. हे लोखंडाचं होतं.

त्यानं ब्रेक दाबला. नॉब नव्हता आता फिरवायला. स्प्रिंग बदलायची राहिली नव्हती.

त्याच वेळी पलीकडच्या अंगाला वस्तीची लेकरं दप्तरं घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती आणि समोरून वाळूचा हायवा येत होता. या रस्त्याला त्याला कुणी अडवत नव्हतं. कुठल्या चौकीत काय पोचतं हे शेंबडं पोरही सांगतं. हायवाचा वेग कमी होत नव्हता. कशाला होईल? रस्ता गुळगुळीत होता.

"उतर," योगीराज म्हणाला. रुद्राणी पोट सावरत उतरली, बांधाकडं सरकली. तोवर त्यानं गाडी पुढं घेतली आणि छबुबाईनं काठी ओढली होती बरोबर तिथं रस्त्यावर आडवी लावली. पहिल्या कर्जाची, पहिल्या ट्रॅकची, त्याच्या एकुलत्या एका वेडाची गाडी. किल्ली काढून तो बाहेर पडला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

हायवाचा हॉर्न कानठळ्या बसवत आला. चाकं किंचाळली. वाळूचं धूड गाडीच्या दारापासून हातभर अंतरावर येऊन हिसडा देत थांबलं.

ड्रायव्हर केबिनमधून उडी मारून उतरला. तरणा गडी, तोंडात गुटखा, हातात चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी. "बापाचा रस्ता हाय का बे? काड गाडी! चुरा करून टाकीन, मालक कोन हाय ठाव हाय का?"

"ठाव हाय," योगीराज म्हणाला. "म्हनूनच लावलीय."

"थांब, दाखवतोच!" टॉमी उगारून तो तावातावानं चालत आला. गाडीच्या बोनेटपाशी त्याचा पाय कशाला तरी अडखळला. टॉमी खणकन सिमेंटवर पडली आणि तो दोन्ही हातांवर आपटला.

त्यानं पायाकडं पाहिलं. मग सपाट सिमेंटकडं. बोट पुढं करून हळूच जमिनीवरची हवा चाचपली आणि हात झटकन मागं घेतला. बोटाच्या टोकाला लाल मुरूम लागला होता. सिमेंटवर कुठंच नव्हता.

पलीकडची लेकरं एकमेकांची बोटं धरून रस्ता ओलांडून गेली. ड्रायव्हर उठला नाही. बसूनच मागं मागं सरकत आपल्या चाकापाशी गेला, केबिनमध्ये चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं.