कोपरावरचं हेल्मेट

दाजींच्या कपाळावर केसांचा एक कोंबडा होता, आणि त्यांचा त्याच्यावर घरातल्या माणसांइतकाच जीव होता. बायकोच्या, म्हणजे ताईच्या मते काकणभर जास्तच. कुलपं, कड्या, बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याचे ते विक्रेते. दिवसभर मोटारसायकलवरून दुकानोदुकानी हिंडायचे आणि प्रत्येक दुकानात शिरण्याआधी गाडीच्या आरशात वाकून कोंबडा उभा करायचे. हेल्मेट त्यांच्याकडे होतं. रोज सोबतही असायचं. फक्त डोक्यावर नाही, कोपरावर.

"मेंदू कोपरात ठेवलाय का तुम्ही?" ताई विचारायची.

"चौक आला की घालतो गं," दाजी म्हणायचे. चौक मागे पडला की हेल्मेट पुन्हा कोपरावर.

मग एके दिवशी शेजारचे मास्तर वाळूवरून घसरून पडले. वेग काही नव्हता, गल्लीतच वळत होते. हातापायाला साधं खरचटलंही नाही, पण डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. बऱ्याच दिवसांनी घरी आले ते बायकोला बहिणीच्या नावाने हाक मारत. लोक हसू दाबत होते. मास्तरीणबाई मात्र दर वेळी "ओ" देत होत्या. ते ऐकून ताई घरी गेली नाही. थेट भावाच्या सलूनमध्ये आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

भाऊ तिच्याहून धाकटा. दोन खुर्च्यांचं सलून, गिऱ्हाइकी चांगली. दाजींचा कोंबडा हे त्याचंच काम होतं, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

"तू काहीतरी कर," ताई म्हणाली.

"मी काय करणार? समजावून सांगतो हवं तर."

"समजावून मी थकले. तुझ्या हातात मशीन आहे ना?"

भावाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने हातातला कंगवा खाली ठेवला. "ताई, माझ्या दुकानातून असलं डोकं बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील?"

"ते डोकं झाकलेलं असेल," ताई म्हणाली.

रविवारी दाजी नेहमीसारखे आले. खुर्चीत बसले, मान टेकली, डोळे मिटले. भावाने बाजूचे केस नीट केले, मानेवरचे साफ केले. मग मशीनचा कंगवा काढून ठेवला, मशीन कपाळाशी नेलं आणि त्याला शिंक आली.

दाजींनी डोळे उघडले. कपाळापासून टाळूपर्यंत एक रस्ता तयार झाला होता. सरळ, गुळगुळीत, एकही खड्डा नसलेला.

"हे काय?" दाजींनी हळू आवाजात विचारलं.

"शिंक आली, दाजी."

"एवढी लांब?"

"सर्दी आहे चार दिवस." भाऊ त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. "सगळंच काढून टाकू का? एकसारखं दिसेल."

दाजी उठले, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं, डोक्यात घातलं, पट्टा आवळला आणि निघून गेले. केस कापल्यावर हेल्मेट घालण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर ते हेल्मेट उतरेना. दुकानदार म्हणायचे, "काढा की, बसा जरा." दाजी म्हणायचे, "लगेच निघायचंय." आणि तासभर बसायचे. एका नव्या दुकानात ते काच खाली ओढूनच शिरले, तर मालकाने हात वर केले. दाजींनी काउंटरवर कुलपांचे नमुने मांडले. दाखवलं ते सगळं मालकाने घाबरून घेतलं. घरी ताईने जेवताना नुसतं विचारलं, "गरम नाही होत?" दाजी म्हणाले, "सुरक्षितता महत्त्वाची." ताई मान खाली घालून पाणी प्यायली, आणि तिला जोराचा ठसका लागला.

हे सगळं चौकातली वाहतूक पोलीस बाई बघत होती. लाल दिव्याला हेल्मेट, गाडी उभी करून चहा पितानाही हेल्मेट. असा माणूस तिने सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

हळूहळू रस्ता बुजला. कोंबडा पुन्हा उभा राहण्याइतका झाला, तशी एका सकाळी दाजींनी आरशासमोर बराच वेळ काढला आणि हेल्मेट कोपराला अडकवून शीळ घालत निघाले. आनंदाच्या भरात चौक आल्याचं लक्षातच आलं नाही.

शिट्टी वाजली. दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि कारणं जुळवायला सुरुवात केली.

"या, या, साहेब," पोलीस बाई म्हणाली. "आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

मागे छोटासा मंडप, खुर्च्या, शाळेची मुलं, आणि 'रस्ता सुरक्षा सप्ताह' असा फलक. दाजींच्या हातात पुष्पगुच्छ आला. पोलीस बाईची नजर त्यांच्या कोपरावर गेली.

"फोटोत चेहरा दिसावा म्हणून काढलंत वाटतं?"

"हो, म्हणजे तेच," दाजी म्हणाले.

"नको नको. घालूनच फोटो घेऊ. मुलांनाही तसेच ओळखीचे वाटाल."

फोटो निघाला. आठवड्याच्या आत तो मोठा करून चौकात लावला गेला. खाली लिहिलं होतं: 'यांच्यासारखे व्हा.' फोटोत दाजींचं फक्त नाक दिसत होतं, पण सगळ्या बाजारपेठेने ते नाक ओळखलं. आता दाजींना उघड्या डोक्याने कुठे जायची सोय उरली नाही. पोरं हाक मारून विचारायची, "काका, हेल्मेट कुठाय?"

पुढे एकदा उभ्या मोटारीचं दार कुणीतरी न बघताच उघडलं आणि दाजी त्यावर आदळून रस्त्यावर पडले. मनगट मुरगळलं. हेल्मेटला कानापासून मागेपर्यंत चीर गेली. ताईने ते हातात घेऊन चिरेवरून बोट फिरवलं, तिला रडू आलं, आणि रडता रडता तिने शिंकेची सगळी हकिकत सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी दाजी सलूनमध्ये आले. "दाढी," एवढंच म्हणाले. भावाने फेस लावला. वस्तरा त्याच्या हातात होता आणि घाम त्यालाच फुटला होता. दाढी झाली, दाजींनी तोंड पुसलं आणि पिशवीतून एक हेल्मेट काढलं. पोपटी रंगाचं, वर पिवळी बदकं.

"सलूनपासून घर दोन मिनिटांवर आहे, दाजी," भाऊ म्हणाला.

"मास्तर तर गल्लीतच होते," दाजी म्हणाले. "आणि तुझी सर्दी अजून गेलेली नाही. कानटोपीसारखं उपयोगी पडेल."

"दुसऱ्या रंगाचं नव्हतं?"

"होतं ना. बरेच रंग होते."

संध्याकाळी सलून बंद करून भाऊ स्कूटरवर बसला. समोरच्या फुटपाथवर ताई आणि दाजी शेजारी शेजारी उभे होते, काहीतरी बघायला आल्यासारखे. भावाने इकडे तिकडे पाहिलं, बदकं डोक्यावर चढवली आणि पट्टा लावला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेग कमी करून त्याला आदराने वाट दिली.