मोरझाडाचा चुडा

वैशाख उतरणीला लागला होता. आजऱ्याच्या डोंगरांवर संध्याकाळचा सुवर्णरस सांडत होता. काजूच्या बनांतून बोंडांचा आंबूस-गोड मद वाहत होता. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी ओथंबल्या होत्या. दरीतून वर चढणारा वारा हा सारा गंधभार उचलून रेडेकर सरांच्या अंगणात आणायचा, आणि तुळशीपलीकडच्या एका झाडात शिरून, सळसळ करून, निघून जायचा.

झाड मोठं ऐटदार होतं. काळंकरडं, खवल्याखवल्यांचं, कमरेलाही न पोचणारं खोड. आणि त्यावर चहूबाजूंनी झुकलेला हरितपिच्छांचा भरघोस संभार. पुस्तकात त्याला सायकस म्हणतात. या घरात ते मोरझाड होतं. नाव ठेवलं होतं साडेचार वर्षांच्या मंजिरीनं, आणि या घरात मंजिरीपुढे पुस्तकाला कधीच किंमत नव्हती.

मोरझाड हळू वाढतं. फार हळू वाढतं. पहिली काही वर्षं वर्षाकाठी एक पान, पुढे दोन, पुढे चार. आणि खोड असं वाढतं की वाढतं म्हणायलाही जीभ अडखळावी. अंगणातला शेवगा दोनदा मोडून तिसऱ्यांदा छपराला टेकला, तेव्हा कुठे मोरझाड गुडघ्याला आलं. असल्या झाडाच्या मागे लागायला माणूस एक तर रिकामटेकडा असावा लागतो, नाही तर त्याच्याजवळ दुसरं काही उरलेलं नसावं लागतं. सरांच्या बायकोजवळ, कुंदाजवळ, दुसरं काही उरलेलं नव्हतं.

बिया मंजिरीनंच आणल्या होत्या. मार्गशीर्षातली कोवळी उन्हं, डाक बंगल्याच्या आवारातलं, बघताच तिनं मोरझाड म्हटलेलं जुनं झाड, आणि फ्रॉकच्या ओच्यात त्याच्या तीन नारिंगी गोट्या. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी लेकीकडून सगळं रीतसर करून घेतलं. तोंडात घालायच्या नाहीत, विषारी असतात, हे सगळ्यात आधी. मग चार दिवस पाण्यात भिजवणं, रोज पाणी बदलणं, वरचा नारिंगी गर गोणपाटावर चोळून काढणं. खाली निघाली गुळगुळीत, हस्तिदंती कवचं. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, नदीची वाळू भरली, आणि तीनही बिया कुशीवर निजवल्या. अर्ध्या वाळूत, अर्ध्या उजेडात. "आता गप बसायचं," सर म्हणाले. "हे झाड सावकाश उठतं."

मंजिरीला गप बसणं ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ती बोटानं वाळू उकरायची, बी बघायची, पुन्हा निजवायची, आणि वर वाळूची गोधडी ओढायची. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. दोन बिया पोचट निघाल्या. तिसरी निजूनच राहिली.

ज्येष्ठात कुंदा बहिणीच्या लग्नाला निपाणीला निघाली. मंजिरी काही केल्या बरोबर यायला तयार होईना. बी उगवलं तर बघायचं कुणी, हा तिचा सवाल होता. कुंदा हसली, लेकीचा गालगुच्चा घेतला आणि एसटीत बसली.

तिसऱ्या दिवशी मंजिरीला ताप भरला. सर एकटे उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत राहिले. पट्टी सुकायची, ते पुन्हा भिजवायचे. पट्टी सुकायची, ते पुन्हा भिजवायचे. निरोप निपाणीला पोचेपर्यंत दीड दिवस गेला. कुंदा धावत घरात शिरली आणि तिचा हात लेकीच्या कपाळावर पडला, तेव्हा ते कपाळ गार होतं. लेक ज्या आगीत गेली त्या आगीची धगसुद्धा आईच्या हाताला लागली नाही. एक पट्टीही तिच्या हातून ठेवली गेली नाही. हे शल्य अठरा वर्षांत ती कुणाजवळही बोलली नव्हती.

आणि श्रावणाच्या अखेरीस वाळू हलली. तांबूस, लवदार, स्वतःभोवती गुंडाळलेलं एक पान मिटल्या मुठीसारखं वर आलं. कुंदा डब्यापाशी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. "मंजू आली," एवढंच म्हणाली. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

लोकांचं हळहळणं सोसेना, म्हणून सरांनी बदली मागून घेतली. गारगोटीहून आजऱ्याला येताना भांडीकुंडी ट्रकमध्ये आली. डालड्याचा डबा कुंदाच्या मांडीवर आला. त्यातलं रोप तिनं वाळूसकट तुळशीपलीकडे लावलं.

नव्या गावात पहिल्याच वर्षी दारावर गौराक्का कासारीण आली. डोक्यावर पेटी, तोंडात पान, आणि गिऱ्हाइकाचा हात हातात घेतल्याशिवाय माप सांगायचं नाही असा करारी बाणा. कुंदानं पाच वर्षांच्या मुलीच्या बांगड्या मागितल्या. "लेक कुठं हाय?" गौराक्कानं विचारलं. "आजोळी असते," कुंदाच्या तोंडून निघून गेलं. एवढंसं खोटं ते, पण झाडापेक्षा भराभर वाढलं. गौराक्कासाठी मंजिरी पहिलीत गेली, चौथीत गेली, दहावी झाली, कॉलेजात जाऊ लागली. दर वर्षी बांगडीचं माप थोडं वाढत गेलं.

दर वैशाखात मोरझाडाला नवं पान फुटायचं. ते गुंडाळलेलं, लुसलुशीत असतानाच कुंदा त्यावरून बांगडी सरकवायची. मग पान पसरायचं, पिसारा फुलायचा, आणि देठाभोवती बांगडी कायमची अडकून बसायची. पानं वाढली तशी ती दोन निवडू लागली. दोन पानं, दोन हात. पान म्हातारं होऊन वाळलं की देठ कापून बांगडी सोडवायची आणि डब्यात जपून ठेवायची. वारा आला की झाड किणकिणायचं. लाल, जांभळं, मोरपंखी, राजवर्खी किणकिणायचं.

यंदा मंजूला तेविसावं लागलं होतं. लोक तुळशीचं लग्न लावतात, विहिरीचं लावतात, बागेचं लावतात. मग माझ्या लेकीचे हात असेच का राहावेत, असं कुंदाच्या मनानं घेतलं. वर कोण, मुहूर्त कुठला, हे तिनं ठरवलं नव्हतं. तिनं फक्त हिरवा चुडा मागितला. गौराक्काचा चेहरा उजळला, तिनं चुडा कुंदाच्या हातावर ठेवला. "चुडा मी माज्या हातानं भरनार, वैनी. सतरा वर्सं बांगड्या दिल्यात, पर पोरीचा हात न्हाई बगितला कदी. लेक आली की निरोप धाडा." कुंदानं मान हलवली. कशी हलवली, तिचं तिला कळलं नाही.

चैत्रापासून झाडाचा मध्य फुगत होता. सोनेरी-तपकिरी लव दाटत होती. यंदा पिसारा थोर येणार, कुंदानं ओळखलं. चुडा काढून ठेवला, रोज पहाटे लव चाचपून पाहिली.

लव फाटली आणि आतून पान आलंच नाही.

आलं ते काही वेगळंच होतं. उभं, ताठ, टोकदार. खवल्यावर खवला घट्ट बसवलेला, ताम्रपिंगट, मखमली, एकसंध. ज्या झाडाला बोटभर वाढायला वर्षं लागायची, त्याचं हे आठ दिवसांत वीतभर वर आलं, आणि पंधराव्या दिवशी हातभर झालं. इतके दिवस पान उलगडेल म्हणून वाट बघत राहिलेल्या कुंदाच्या हातातला तांब्या त्या सकाळी सुटला. पाणी पायांवर सांडलं, तुळशीपर्यंत वाहत गेलं, तरी ती जागची हलली नाही.

"अहो," तिनं हाक मारली. "हे काय आलंय?"

सर पडवीतून आले. चष्मा पुसला. वाकून खवले निरखले.

"फूल आहे."

"असलं?"

"नराचं."

शब्द केवढासा. पण त्या एका शब्दानं अंगणातली अठरा वर्षं मुळासकट हलली. समोर तेच झाड होतं, त्याच बांगड्या होत्या, त्यावर तेच सकाळचं ऊन होतं, आणि तरी समोरचं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. ज्याला न्हाऊ घातलं, ज्याच्याशी बोलली, ज्याच्यासाठी मापं वाढवत गेली, तो कुणी परकाच मुलगा निघाला होता. मग माझी मंजू कुठे होती इतकी वर्षं, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिला धरायला आधार सापडेना.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अर्धंमुर्धं," सर खाली बघत म्हणाले. "यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. फुलल्याशिवाय कळत नाही. अर्धी आशा होती मला."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो, कुंदा?"

त्या दिवशी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं. सरांनी ती आमटी मुकाट्यानं खाल्ली. दुपारभर ती उंबऱ्यावर बसून राहिली; डोळे कोरडे, ओठ कोरडे, मांडीवर हिरवा चुडा. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

ऊन कलतं झालं, डोंगर जांभळे होऊ लागले, आणि नेमकी त्या वेळी पायवाटेनं गौराक्काची पेटी डुलत आली. निरोपाची वाट बघून तिचा धीर सुटला होता. "लेक आली का न्हाई अजून? का माज्यापसनं लपवून ठेवलीया?"

कुंदाच्या अंगात आणखी एक खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. तिनं गौराक्काचा हात धरला आणि तिला मोरझाडापाशी नेऊन उभं केलं. "ही मंजू," ती म्हणाली. "मुलगी माझी साडेचार वर्षांची असतानाच गेली. तुमच्या बांगड्या हिच्या हातांत आहेत. आणि आज कळलं, की ही मुलगीसुद्धा नाही."

गौराक्काचं पान चघळणं थांबलं. तिनं पेटी हळूच जमिनीवर टेकवली. ती देठादेठावरून नजर फिरवू लागली. ही राजवर्खी तिचीच. ही मोरपंखी तिचीच, आजऱ्याच्या बाजारातली. सतरा वर्षं ज्या मनगटांचा ती अंदाज बांधत होती, ती मनगटं पालवीची होती.

"सतरा वर्सं मी झाडाचं माप काडत हुते म्हना की," ती शेवटी पुटपुटली.

मग आयुष्यभराच्या सवयीनं तिचा हात आपसूक पुढे झाला. तिनं एक देठ दाबून पाहिला, दुसरा पाहिला, आणि पिसाऱ्याच्या मधोमध उभ्या त्या ताम्रपिंगट फुलावर तळवा ठेवला. चटका बसल्यागत तिनं हात मागे घेतला.

"वैनी," ती म्हणाली, "ह्ये तापलंय."

कुंदानं हात पुढे केला. वाऱ्यात गारवा आला होता, पानं गार होती, खोड गार होतं. फूल मात्र तापलेलं होतं. उन्हाचा ताव नव्हता तो. ऊन केव्हाच अंगणातून निघून गेलं होतं. आतून, खवल्याखवल्यातून, धग वर येत होती आणि तिच्यासोबत अतिपक्व फळाचा जडशीळ, गुंगवणारा वास सुटला होता. कुंदाचा तळवा तिथेच राहिला. अठरा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी धावत आली होती, आणि जे तिला मिळालं नव्हतं, ते आता तिच्या हाताखाली होतं.

"अंग भाजतंय," ती म्हणाली. "अहो, हिचं अंग भाजतंय."

सरांना सगळं माहीत होतं. संध्याकाळ झाली की नराचं फूल आपोआप तापतं, त्या उष्म्यानं गंध पसरतो, गंधावर किडे येतात, परागाचं काम होतं. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि अठरा वर्षांपूर्वीसारखंच मिटून घेतलं. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पितळी वाटी होती, वाटीत पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ, आणि खांद्यावर मऊ धोतराच्या फाडलेल्या चार पट्ट्या.

कुंदानं वाटीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. त्या दोन रात्री याच हातांनी हेच केलं होतं, आणि त्यातलं काहीही त्यांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं, हे तिला आता उमगलं.

तिनं पट्टी भिजवली, पिळली, फुलाभोवती गुंडाळली. पट्टी ऊन झाली. तिनं ती काढली, पुन्हा भिजवली, पुन्हा ठेवली. सर वाटी धरून उभे राहिले. आणि मग अठरा वर्षं अडलेलं रडू आलं. आवाज न करता, भरभरून आलं.

गौराक्कानं उंबऱ्यावर राहिलेला हिरवा चुडा उचलला, पदराच्या टोकात बांधला.

"तापल्या अंगाला चुडा भरत न्हाईत," ती कुंदाला म्हणाली. "पोरीचा ताप उतरू दे. मग बगू." पेटी डोक्यावर घेऊन ती पायवाटेला लागली.

डोंगर विझले. काजूचा वास मावळला. तुळशीपाशी दिवा लागला नाही, कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. भिजवलेली पट्टी ठेवली, सुकलेली उचलली. भिजवलेली ठेवली, सुकलेली उचलली. आणि हळूहळू, मोरझाडाच्याच चालीनं हळूहळू, कुंदाच्या तळव्याखालची धग मंद होत गेली.

"उतरतोय," ती म्हणाली.

सरांनी वाटी खाली ठेवली आणि आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. पट्टीतलं पाणी खवल्यांवरून ओघळलं, पिसांच्या मुळाशी उतरलं, मोरपंखी बांगडीवर थांबलं, राजवर्खी बांगडीवर सांडलं, आणि थेंबाथेंबानं वाळूत जिरत गेलं.